थोरल्या हैबतीची स्कूटर

महाड, १२ फेब्रुवारी २०२५

ती. अक्षदाताईस,
धाकट्या हैबतीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात पडला, म्हणून हे पत्र. आपल्या गावच्या किशोरच्या गुडघ्याला शेक द्यायला गेलो होतो. गुडघा त्याचा, फोन माझा. तसंही उमरठला आपल्या वाडीत रेंज कुठं हाय गो?

मुद्दा वेगळाच आहे. वीर स्टेशनबाहेर राजेंद्र म्हणून एक रिक्षावाले आहेत. मुलाकडे पनवेलला राहायला चाललेत आणि रिक्षा मला द्यायला तयार आहेत. गोव्यात भांडी घासून झाली, सांगलीला द्राक्षं भरून झाली, सुरतेला तर काय करत होतो ते मलाच धड आठवत नाही. एका जागी टिकावंसं पहिल्यांदाच वाटतंय. पण बँकेतले साहेब म्हणाले की तुमचं सिबिल पाचशे बारा आहे, कर्ज मिळणार नाही. मी म्हटलं, जन्मात कुणाचं कर्ज घेतलेलं नाही. ते हसले, सगळे असंच सांगतात म्हणाले. हा नंबर तीनशे ते नऊशे असतो म्हणे, आणि साडेसातशेच्या वर असला की माणूस चांगला. ताई, पाचशे बारा मार्क मला कुठल्याच परीक्षेत पडले नव्हते. पहिल्यांदा पडले, तर त्यातही नापास.

राजेंद्रकाका एप्रिल संपेपर्यंत थांबतो म्हणालेत. अण्णांना लगेच सांगू नकोस.

रागावलीस तरी माया कमी करू नको.
तुझा हैबू

उमरठ, २० फेब्रुवारी

चि. हैबूस,
अक्षदाताईचे अ. उ. आ.

पत्र अण्णांच्याच हातात पडलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं, त्यामुळे सांगू नकोस म्हटलेलं फुकट गेलं. जेवणानंतर ओटीवर बसून एवढंच विचारलं, की पोरगं तिकडं काही घेऊन बसलं होतं काय. खरं सांग, गोव्यात हप्त्यावर मोबाइल घेतला होतास का? मित्राच्या नावावर, मित्रासाठी, काहीही?

नसशील घेतला, तर नुसत्या नंबराकडे बघून रडू नकोस, आख्खा रिपोर्ट बघ. आमच्या बचत गटाला पोलादपुरात शिकवायला बाई आल्या होत्या. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो म्हणाल्या. वाडीतल्या बायका म्हणे, सारखा बघितला की स्कोअर उतरतो, जशी काय त्याला दृष्टच लागते. बाई म्हणाल्या, आपला आपण बघून काही उतरत नाही. ह्या बँकेतून त्या बँकेत कर्ज मागत फिरलं की उतरतो. आणि स्कोअर साफ करून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

बाकी ठीक. परवा तुझ्या शर्मिलावहिनीने मला तिच्या स्कूटरवर पोलादपूरला सोडलं. दवाखान्यात तिची आयाची नोकरी सकाळी सातची. त्या वेळेला एसटी नाही, म्हणून ती स्कूटर आहे तोवर नोकरी आहे. घाटात अशी पळवते की मी डोळे मिटून बसले.

जेवत जा वेळेवर. बाकीची काळजी मी करतेच आहे.
तुझी ताई

वीर, २ मार्च

ती. अक्षदाताईस,
हैबूचा शि. सा. न. वि. वि.

किशोरच्या फोनात माझं सिम घालून रिपोर्ट काढला. कर्ज आहे. पण मोबाइलचं नाही आणि माझंही नाही. स्कूटरचं आहे, २०२१ सालचं.

आता नीट वाच. आजोबांचं नाव दोन्ही घरांत ठेवलं, म्हणून सखारामकाकांचा थोरला हैबती आणि अण्णांचा मी धाकटा. तो चारच महिन्यांनी मोठा, शाळेत घातलं बरोबरच. गुरुजींनी वाडीतल्या सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जून लावली, तशी आमचीही. (सगळ्या वाडीचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि केक एकाचाही नाही.) काकांचं सखाराम काय नि अण्णांचं सहदेव काय, फायनान्स कंपनीवाल्यांनी बापाच्या नावाचं एकच इंग्रजी अक्षर घेतलं. मग हैबती एस. उतेकर, एक जून, गाव उमरठ. त्यांनी सिबिलला कळवलेलं त्याचं कर्ज माझ्या फायलीत येऊन बसलं.

दोन वर्षांमागं मुंबईत डेंग्यूनं तो गेला, त्याच महिन्यापासून हप्ते थांबलेत. म्हणजे गेलेला माणूस दर महिन्याला माझ्या नावावर हप्ता चुकवतोय. कंपनीची माणसं त्याच्या मुंबईच्या खोलीवर जाऊन कुलूप बघून परतली असणार.

हे कर्ज माझं नाही अशी तक्रार ऑनलाइन करता येते, फुकट. तीस दिवसांत कंपनीला विचारून दुरुस्त करतात. पण कंपनी खरा हैबती शोधणार, आणि शोधत वाडीत येणार. तीच स्कूटर त्याच्या बायकोच्या, शर्मिलावहिनीच्या अंगणात उभी आहे ना गो.

सगळं भरून झालं होतं. किशोर म्हणाला, दाब बटण. मी चहा पिऊन येतो म्हणून उठलो तो परत गेलोच नाही. स्टेशनवर बसून मालगाडीचे डबे बघत होतो. तू सांगशील ते करीन.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा,
हैबू

उमरठ, ११ मार्च

चि. हैबूस,
ताईचे अ. उ. आ.

काय सांगावं ते मलाही सुचलं नसतं, पण माझ्यावर वेळच आली नाही. अण्णांना अक्षर दिसत नाही म्हणून मी तुझं पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. शर्मिला ताक घेऊन आली आणि दारातच थांबली. मी गप्प झाले, तर ती म्हणाली, आक्का, पुढचं वाचा.

तिला वाटत होतं, माणूस गेला म्हणून कंपनीनं सोडून दिलं. दोन वर्षं कुणी आलं नाय ते त्यांच्या चांगुलपणामुळं, असंच ती धरून होती. ताकाचा तांब्या तिनं उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाली, त्यांनी कुणाची पै बुडवली नसती. आता गेल्यावर भावाच्या पोटावर पाय नको. हैबूभावजींना म्हणावं, दाबा काय ते. अण्णा म्हणाले, पोरी, तू दवाखान्यात जाशील कशी?

जाताना तिनं एवढंच विचारलं, स्कूटर न्यायला कधी येतात म्हणून. दुसऱ्या दिवशी तिनं स्कूटर धुतली.

आता तू तक्रार कर. तिनं सांगितलंय म्हणून कर, नाहीतर तिला वाटेल आपण तिची कीव केली.

आमचा जीव तुझ्याकडे लागलाय.
ताई

वीर, २९ एप्रिल

ती. अक्षदाताईस,
हैबूचा शि. सा. न. वि. वि.

स्कूटर नेली हे किशोरकडून कळलं. दोन माणसं टेम्पो घेऊन आली आणि वहिनीनं स्वतः चावी दिली, असं तो म्हणाला. हेल्मेटही देत होती, ते त्यांनी घेतलं नाही.

माझा रिपोर्ट साफ झाला. कोरा कागद घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी कॉम्प्युटरवर बघितलं, परत बघितलं. म्हणाले, आता तुमचा स्कोअरच नाही. कमी नाही ताई, नाहीच. नंबराच्या जागी नुसती रेघ. माझ्या फायलीत ते एकच कर्ज होतं, ते गेलं. आता कधी कर्जच घेतलं नाही, तर तुम्ही फेडता की बुडवता हे आम्ही कशावरून ओळखायचं, म्हणाले. आधी काहीतरी छोटं घ्या, वर्षभर हप्ते भरा, मग या. थोरल्याचं कर्ज होतं तेव्हा मी वाईट होतो. आता मी नाहीच.

बँकेनं परवा नाही म्हणेपर्यंत राजेंद्रकाकांनी वाट बघितली. मग माणगावच्या एकाला रिक्षा दिली. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सध्या दुसऱ्याची रिक्षा रोजावर चालवतो. मिळेल ते वहिनीला पाठवणार होतो, पण ती घेणार नाही, म्हणून तुझ्या नावानं पाठवतोय. कसं द्यायचं ते तू बघ.

अण्णांना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढा लोभ असू दे, जास्त मागायला तोंड नाही.
हैबू

ता. क. रिक्षा मिळाली असं खोटं वहिनीला सांगू नको. ती नारळ घेऊन रिक्षा पुजायला निघेल, आणि आता फाट्यापर्यंत चालत येईल.