तिसऱ्या गाण्यातली थांबायची जागा

बोरीवली, ता. ४ जानेवारी १९७७

पद्मा,

नमस्कार, वि. वि. वगैरे शेवटी घालते. आधी हे सांग, आठ दिवस खपून भरलेली कॅसेट कुणी चार दिवसांत परत पाठवतं का? ती पण माझ्या होणाऱ्या जावयाच्या हाती, पेपरात गुंडाळून, उसनं भांडं परत केल्यासारखी. भांडं परत करतानासुद्धा लोक आत चिमूटभर साखर घालतात. तू चिठ्ठी घातलीस. 'गाणी मूळ गायकांची नाहीत. मूळ मिळाली तर पाठव.' बिचारा रुडॉल्फ मुलुंडच्या कारखान्यातून सुटल्यावर तुझ्याकडे वाकडी वाट करून आला, त्याला चहा तरी दिलास का?

मूळ गाणी मला भरता आली नसती का गं? माझ्या थोरल्याने, ऑगस्टीनने, बहारीनहून टेपरेकॉर्डर आणलाय, तो रेडिओसमोर ठेवला की झालं. पण ती तू लेकाच्या घरी, श्यामसुंदरकडे, रोज ऐकतच असशील. म्हणून तुझ्या आवडीची बारा गाणी आपल्या वाड्यातल्या माणसांकडून म्हणवून घेतली. मोनिकामायने, म्हणजे माझ्या सासूने, कवळी काढून पाळण्याचं गाणं म्हटलं. कवळी घातली की शिटी वाजते म्हणाली. इव्हाच्या बापाने, अर्बनने, ट्रम्पेटवर तीन वाजवली. रुडॉल्फ होडीचं गाणं म्हणत असताना मध्येच कोंबडी ओरडली, ती मी ठेवली, कारण तिचा सूर त्याच्यापेक्षा बरा लागला. आणि इव्हाने तू शिकवलेली चार म्हटली. पोरगी तुझ्या स्वयंपाकघरात वाढली, पाढे आणि गाणी दोन्ही तिथेच शिकली. तिचं तरी ऐकलंस का?

कॅसेट परत पाठवतेय. दुसऱ्या बाजूला शेवटची दहा मिनिटं कोरी आहेत, ती तुझी. श्यामसुंदरकडे यंत्र आहेच, बोट दाब आणि गा.

इव्हाचं लग्न तेरा फेब्रुवारीला, रविवारी. आदल्या दिवशी उंबराचं पाणी. अठरा वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलीस, तेव्हा आमची पद्धत तुला सांगायला नको: बँड पुढे, बाया कळशा घेऊन मागे, विहिरीपर्यंत, नवरीच्या न्हाणाचं पाणी आणायला. तू गुरुवारीच ये.

आता नमस्कार. सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग. लोभ आहेच, राग पण आहे.

बर्था


मुलुंड, ता. ११ जानेवारी १९७७

प्रिय बर्था हीस,

सप्रेम नमस्कार वि. वि. रुडॉल्फला चहा दिला होता, सोबत पोहेही. त्याने दोनदा घेतले. हे त्याने तुला सांगितलं नाही, यावरून जावई हुशार आहे.

माझी चिठ्ठी रुक्ष होती, मान्य. पण तू विचारलंस म्हणून सांगते. मोनिकामायनी पाळण्याच्या गाण्यात दुसरं कडवं आधी घेतलं. अर्बनदादांचं ट्रम्पेट पहिल्या ओळीपासूनच इतक्या वर आहे की शेजारचे काशीराम जोशी बघायला आले, कुणाची वरात आली म्हणून. रुडॉल्फबद्दल तुझ्या कोंबडीशी मी सहमत आहे. इव्हा छान गाते.

एक मात्र मला विचारायचं आहे. तिसरं गाणं, ते सकाळचं. पहिल्या बाजूला ते इव्हाने म्हटलंय, दुसऱ्या बाजूला अर्बनदादांनी वाजवलंय, आणि दोघंही एकाच ठिकाणी थांबतात. तिथे कुणीतरी दोनदा टकटक करतं आणि मग गाणं पुढे जातं. मूळ गाण्यात तिथे थांबायची जागाच नाही. हे कुणी शिकवलं?

लग्नाचं म्हणशील तर माझं येणं धरू नकोस. यांना जाऊन अजून वर्षसुद्धा झालं नाही. पाण्याच्या वेळी माझ्यासारखीने पुढे असू नये, आमच्याकडे तसं बघतात. इव्हासाठी साडी श्यामसुंदरबरोबर पाठवते. आणि ती दहा मिनिटं कोरीच राहू दे. मी आता गात नाही.

मोनिकामायना नमस्कार. लोभात अंतर पडू नये.

तुझी,
पद्मजा


बोरीवली, ता. १६ जानेवारी १९७७

पद्मा,

सकाळी मिस्साला फादर रागावर बोलले. ते होईपर्यंत मी रागावले नव्हते, घरी येऊन कालच्या टपालाचं तुझं पत्र उघडलं.

कुणी शिकवलं म्हणून मलाच विचारतेस? तूच! तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या अंगणात उघडायची. रोज सकाळी मी भांडी घासायला बसले की तू ते गाणं धरायचीस. अर्ध्यावर तुझं दूध वर यायचं. तू थांबायचीस, पातेलं उतरवायचीस, पळी दोनदा काठावर आपटायचीस, टक टक, आणि पुढची ओळ. अठरा वर्षं असंच ऐकलं. वाड्याला वाटलं गाणंच तसं आहे. अर्बनच्या बँडमध्ये लवू ढोल वाजवतो, तोसुद्धा तिथे दोन ठोके देतो आणि सगळे गप्प उभे राहतात. गेल्या मे महिन्यात चारकोपच्या एका लग्नात नवरा विचारायला आला, बँडवाले दमले का.

आणि मूळ मूळ काय लावलंयस? आमच्याकडे कुठे होता रेडिओ? तुझा होता, तो तुझ्या मार्तंडरावांच्या खोलीत, दार लावून. ते गाणं रेडिओवर मी पहिल्यांदा ऐकलं ते चंद्रप्रकाशच्या सायकलच्या दुकानात. त्याला म्हटलं, ही कोण बाई आमच्या पद्माचं गाणं म्हणतेय, आणि थांबत पण नाही, हिचं दूध उतू जाणार. तो अजून हसतो. हसू दे. माझ्यासाठी मूळ तू. ती रेडिओवाली नक्कल.

आता ते पुढे असू नये वगैरे. आमची मोनिकामाय विधवा होऊन एकतीस वर्षं झाली, आणि प्रत्येक लग्नात पहिली कळशी तिचीच असते. तिला कुणी मागे हो म्हणून बघावं, कळशी डोक्यात घालेल. तुमच्याकडे कसं बघतात ते तुमच्याकडे ठेव. लग्न आमच्याकडे आहे. मार्तंडराव गेले, वाईट झालं, भला माणूस होता. पण गळा तुझा होता ना, त्यांचा नव्हता.

साडी पाठवू नकोस. तू ये. अर्बन नमस्कार सांगतो, ट्रम्पेटचं मी त्याला वाचून दाखवलं नाही. लोभ वाढव, कमी तर तू केलासच आहेस.

बर्था


मुलुंड, ता. २४ जानेवारी १९७७

प्रिय बर्था हीस,

स. न. वि. वि. तुझं पत्र वाचून मी खूप दिवसांनी हसले, सून बघायला आली. मग जे झालं ते तिला सांगता आलं नाही, तुला सांगते.

बर्था, ते दूध नव्हतं.

मी ते गाणं सुरू केलं की हे ऑफिसच्या तयारीला लागायचे. त्यांना घड्याळ बघावं लागत नसे. त्या ओळीपर्यंत यांच्या चपला पायात असायच्या. जाताना दाराच्या चौकटीवर बोटाने दोनदा वाजवायचे, टक टक. 'येतो' म्हणायची सवय त्यांना कधी लागली नाही. मी थांबून मागे बघायची, आणि ते जिना उतरले की पुढची ओळ. दार पलीकडच्या बाजूला, तुला दिसणार कुठून.

कॅसेट लावली तेव्हा तिसऱ्या गाण्यात ती टकटक झाली आणि मी हातातली भाजी टाकून दाराकडे वळले. दार बंद होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली, पुन्हा वळले. चार दिवस हेच केलं. मग पेपरात गुंडाळून ठेवली. मूळ गाणी नाहीत, हा बहाणा होता. पुढे असू नये, हाही थोडा बहाणाच. तुमचा बँड रस्त्यात तिथे थांबेल आणि मी सगळ्यांसमोर मागे वळून बघेन, याची मला भीती वाटते.

आता रागावू नकोस. इव्हाला जवळ घे.

तुझी,
पद्मजा


बोरीवली, ता. २९ जानेवारी १९७७

पद्मा,

मी गाढव. अठरा वर्षं शेजारी राहून दूध आणि नवरा यातला फरक कळला नाही.

पत्र अर्बनला वाचून दाखवलं, या वेळी सगळं. तो बराच वेळ ट्रम्पेट पुसत बसला. मग विचारलं, ते दोन ठोके काढून टाकायला लवूला सांगू का. मी म्हटलं, खबरदार. मार्तंडरावांनी अर्बनच्या वाजवण्याची दोनदा लेखी तक्रार केली होती, आठवतं ना? त्या माणसाला आपण नकळत बँडमध्ये घेतलाय. आता त्याची सुटका नाही. तो इव्हाच्या पाण्याला येणार, लवूच्या ढोलावर, सगळ्यांच्या पुढे. मग तू कोण मुलुंडला बसून राहणारी?

तू मागे वळून बघणार, तर बघ. मागे मी असेन, डोक्यावर कळशी. मी पण बघेन. वाड्यातला कुणी हसला तर त्याला जेवण नाही.

ठरलंय ते ऐक. शनिवारी बारा तारखेला सकाळी निघायचं. बँड तेच गाणं वाजवणार. विहिरीच्या वळणावर लवू दोन ठोके देईल आणि सगळे थांबतील. अर्बनला सांगितलंय, पुढची ओळ वाजवायची नाही. ती ओळ तू म्हणायची. तोवर साठ माणसं उन्हात उभी राहतील, पुढे अठ्ठ्याहत्तर वर्षांची मोनिकामाय. तिला सांगितलं तर म्हणाली, उभी राहीन, पण पद्माला सांग, दुसरं कडवं आधीच असतं.

रुडॉल्फ गुरुवारी दहा तारखेला तुला घ्यायला येईल. त्याच्यासाठी पोहे करून ठेव. कॅसेट बरोबर आण, कोरी असली तरी.

शनिवार पाच तारखेच्या टपालाने मला उत्तर पाहिजे. वि. वि. नको, लोभ नको, कारणं तर नकोतच. कार्डावर 'येते' एवढंच लिही. तुझ्या घरात तो शब्द आता कुणीतरी म्हणायला हवा.

बर्था