मऊ रबराचे टायर

ठमे,

तू सांगून ठेवलेले मऊ रबराचे टायर मी आज रद्द केले. तुला न विचारता. डोळे शिणेपर्यंत टायरांबद्दल वाचलं, तरी माझंच चुकत असेल असं वाटतंय. ते टायर तापल्यावर रस्ता छान धरतात, पण गार असताना नाही. आणि तू निघतेस भल्या पहाटे, ओल्या रस्त्याने, सगळी ताकद मागच्या चाकांवर असलेली गाडी घेऊन. परवा वळणावर मागची बाजू सरकली तेव्हा शेजारी बसून मी "काही नाही गं" म्हणालो. तेव्हापासून पायी फिरतोय, ते व्यायामासाठी नव्हे.

म्हणून गारठ्यात आणि ओल्यात पकड ठेवणारे टायर सांगितलेत. वेग जरा कमी मिळेल.

"काका, पोरगी मला फाडून खाईल," टायरवाला म्हणाला. मी म्हटलं, माझं नाव सांग.

दुपारपर्यंत तो चाकांना हात लावणार नाही. पटलं नाही तर त्याला फोन कर, तो तुझेच बसवेल. हे तोंडावर बोलायचा धीर झाला नाही, म्हणून वाचनालयात जाऊन बसतोय. जेवण झाकून ठेवलंय.

संध्याकाळी गाडी घेऊन मला न्यायला ये. टायर कुठलेही असोत, मी शेजारी बसेन.

बाबा