फाटकाशी कुणीतरी उभं आहे

१२ नोव्हेंबर

कान गेले. म्हणजे अगदी गेले नाहीत, निघालेत. सामान बांधून दारात उभे आहेत.

सिडकोतल्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवलं. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबत होतो. मग बराच वेळ काहीच येईना म्हणून बाहेर पाहिलं, तर डॉक्टर मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. आवाज चालूच होता म्हणे. मग कागद दाखवला — रेघ बरीच सरळ जाते आणि मग एकदम खड्ड्यात. "काका, जाड आवाज ठीक आहेत. बारीक आवाज जवळजवळ गेलेत. कारखान्यात प्रेसवर किती वर्षं आहात?" सगळीच, म्हटलं. कानाचं मशीन घ्या म्हणाल्या. पण गेलेलं परत येणार नाही, आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही.

घरी येऊन शीलाला सांगितलं. "तरीच म्हणते! मला वाटायचं तुम्ही मुद्दाम ऐकत नाही." थोडं मुद्दामही होतं. ते तिला कशाला सांगायचं.

एक ठरवलं. उरलंसुरलं जायच्या आत गाण्यांतल्या, अंगावर काटा आणणाऱ्या सगळ्या जागा एकदा ऐकून घ्यायच्या. 'फाटक' नावाची जागा सगळ्यात शेवटी.

१३ नोव्हेंबर

माझा जोडीदार हनुमान असता तर म्हणाला असता, "किस्ना, ह्ये तर व्हणारच व्हतं. आपणच बोलावलं."

खरंच आपणच बोलावलं. वाळूजच्या कारखान्यात प्रेस शॉपमध्ये शेजारी शेजारी लागलो, तेव्हा दोघांना मिशीसुद्धा धड नव्हती. माझी प्रेस मोठी, त्याची छोटी. दोघींची चाल वेगळी. छोटी पुढं पळायची, मोठी मागून यायची, आणि बऱ्याच वेळानं एका ठोक्याला दोघी एकत्र पडायच्या — धाड! त्या ठोक्याला आमच्या अंगावर काटा यायचा. पत्र्याचे तुकडे पाडणाऱ्या मशीनवर काटा! कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. आम्ही ते खिशात ठेवायचो, ठोका नीट ऐकू यावा म्हणून. असला गाढवपणा दुसऱ्या कुणी केला नसेल.

त्या गाण्यांनीच ही खोड लावली. पुण्याचा एक ट्रेनी इंजिनिअर आला होता, त्याच्या खोलीवर ऐकली. वीस-वीस मिनिटांची, मधेच चाल बदलणारी, सात मात्रांत लंगडत पळणारी. प्रोग्रेसिव्ह रॉक हे नाव फार उशिरा कळलं. आम्ही 'लांबची गाणी' म्हणायचो. इंग्रजी आम्हाला प्रेसच्या डायवर, म्हणजे साच्यावर, कोरलेलं असतं तेवढंच. म्हणून गाण्यांची नावं लक्षात राहायची नाहीत, जागांना आम्हीच नावं दिली. जागा आली की बोलायचं नाही. बाही वर करून हात पुढं करायचा. काटा दिसला पाहिजे. नाही दिसला तर चहा पाजायचा.

मागच्या मार्चमध्ये हनुमान झोपेतच गेला. तेव्हापासून बाही वर केलेली नाही.

१६ नोव्हेंबर

तनुजानं गाणी फोनवर शोधून दिली. कॉलेजातून आल्यावर चार दिवस हेच काम. "पप्पा, गाण्याचं नाव सांगा ना काहीतरी." मी काय सांगणार? 'बैल बसला'? शेवटी चाली गुणगुणून दाखवल्या.

बैल बसला — सगळी वाद्यं उधळल्यासारखी पळत असतात आणि एकाएकी जागेवर बसतात. मग फक्त बेस गिटार, एकटा. हा अजून आहे. जाड आवाज आहे ना! पूर्ण ऐकला. छाती भरून आली, पण काटा नाही.

चप्पल — पहिल्या दोन ओळी गाणारा सुरुवातीला म्हणतो आणि विसरून जातो. मग गाणं कुठून कुठं फिरतं, आणि शेवटाला तीच चाल, त्याच दोन ओळी. देवळातून बाहेर आल्यावर चप्पल जागेवर सापडावी तसं. हे नाव माझं. हनुमानला फार आवडलेलं. गाणारा ऐकू आला. त्याच्या मागची व्हायोलिनं नाही आली.

पाटाचं पाणी — नाही. तिथं नुसती बारीक घुंगरासारखी किणकिण आहे. म्हणजे होती. तनुजा म्हणते, आता चालू आहे. मी मान हलवली.

१७ नोव्हेंबर

आज काही ऐकलं नाही. भीती वाटली.

२० नोव्हेंबर

फाटक सापडलं. तनुजानं आणलं शोधून, किती खूश होती पोर.

आधी फाटक म्हणजे काय ते लिहून ठेवतो, पुढं मलाच खोटं वाटेल. ड्रम थांबतात. ऑर्गनचा एकच सूर लांबत राहतो. आणि फार लांबून एक बाई गुणगुणते. शब्द नाहीत. सुरात सूर मिळवत, जरा चाचरत. हनुमान म्हणायचा, "कुणीतरी फाटकाशी उभं हाय. हाक मारू का नको, ह्या इचारात." सगळ्या जागांचा राजा. ती कॅसेट त्याच्याकडे होती, शहरातल्या दुकानातून भरून आणलेली. अख्खं गाणंच जरा लांबून यायचं, रांजणात लावल्यासारखं. आम्हाला वाटायचं, हीच त्या लोकांची करामत. कॅसेट मला घरी कधी नेऊ दिली नाही. "तुझ्याकडं ल्हान पोरगी हाय, फीत वढून ठिवंल." त्याच्या बजाजनगरच्या खोलीवरच ऐकायचं. आणि बाईचं गुणगुणणं झालं की तो खटकन टेप बंद करायचा. "बास. फुडचं ऐकलं की उतरतं." मला ते पटायचं. दर्दी माणूस.

एकदा विचारलं होतं, कोण असेल रे ही बाई? म्हणाला, "असंल कुणाची तरी."

आज फोनवर लावलं. सगळं कसं स्वच्छ, जवळ, धुऊन ठेवल्यासारखं. ड्रम थांबले. ऑर्गन आला. मी डोळे मिटले. ऑर्गन लांबला, लांबला — आणि ड्रम परत सुरू.

बाई नाही.

म्हटलं, गेली. बारीक आवाज होता, गेला. तनुजाला विचारलं, ती गाते ते कसं वाटलं? ती म्हणाली, "कोण गातं?"

पुन्हा लावायला लावलं. तीनदा. "पप्पा, खरंच नाही. इथं कुणीच गात नाहीये."

२१ नोव्हेंबर

मशीनवर हात चालत होता आणि डोक्यात ती बाई. आंघोळीला पाणी सोडलं तर पाण्यात तीच. पंख्यात तीच. मॅडमला फोन केला. म्हणाल्या, असं होतं. कान आवाज देईनासे झाले की मेंदू आपल्या मनानं भरतो. काळजी करू नका.

काळजी करू नका! म्हणजे जन्मभर ज्या जागेसाठी जीव टाकला ती माझ्या मेंदूनं भरलेली? अर्धं आयुष्य मी नसलेल्या बाईचं गाणं ऐकत होतो?

पण हनुमानचा हात? त्याच्या हातावर काटा मी डोळ्यांनी पाहिला आहे. दर वेळी. त्या जागेला तो एकदाही चहा हरला नाही.

शीला म्हणते, "गेल्या माणसाच्या मागं असं लागू नये. जेवा." जेवलो. चव लागली नाही.

२४ नोव्हेंबर

हनुमानच्या भावाला, बन्सीला फोन केला. देवगाव रंगारीला असतो, आईजवळ. कॅसेटी आहेत म्हणाला. हनुमानचं सामान खोलीवरून आणलं तेव्हा त्याच्या आईनं तेवढ्याच वेगळ्या काढून पेटीत ठेवल्या. "कुणाला हात लावू देत न्हाय, दादा. टेप तर बंद पडलाय कवाचा. नुसत्या पुसून ठिवती."

मला ते फाटक एकदा ऐकायचं आहे. होतं की नव्हतं, एवढंच. मग गेले कान तरी चालतील.

२६ नोव्हेंबर

माळ्यावरून टेप काढला. गुलमंडीजवळ एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे त्याचा रबरी पट्टा मिळाला. त्यानं विचारलं, "अब कौन सुनता है, भाई?" म्हटलं, बघू.

३० नोव्हेंबर

सकाळी मी आणि तनुजा मोटारसायकलवर निघालो, टेप तिच्या मांडीवर. कसाबखेड्याला चहा घेतला, देवगावला उन्हं चढायच्या आत पोचलो.

हनुमानची आई, दगडाबाई मावशी, ओसरीवर बाजरी पाखडत बसली होती. समोर चार शेरडं बांधलेली. एवढ्या वर्षांत मी या घरी फक्त त्याच्या मातीला आलो होतो, याची लाज वाटली. मावशी म्हणाली, "किस्ना व्हय? ये. लई वाळला रं तू." मी कॅसेटचं सांगितलं. ती आत गेली, फडक्यात बांधलेल्या कॅसेटी घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवून पुन्हा सुपाला लागली. निळी कॅसेट मी लगेच ओळखली.

टेप उंबऱ्यावर ठेवला. वायर आतून ओढली. गाणं सुरू झालं, तेच, रांजणातलं. किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. बन्सी हसला, "ह्ये असलं ऐकायचं व्हय तुमी?" मावशीचं सूप चालूच होतं.

ड्रम थांबले. ऑर्गन आला.

मी कान टेपला लावला. ऑर्गन होता. फितीची खरखर होती. बाकी काही नाही. काहीच नाही. म्हणजे संपलं, म्हटलं. नव्हतीच ती कधी.

मान वर केली तर तनुजा माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं, आणि तिनं बाही वर केली होती. हातावर काटा. सरसरून आलेला, उन्हात दिसेल असा. हा नियम मी तिला कधी सांगितला ते आठवत नाही.

आहे. बाई आहे! मला ऐकू येत नाही एवढंच.

आणि मग पाहिलं, मावशीचं सूप थांबलं होतं. बाजरी अर्धी सुपात, अर्धी मांडीवर. ओठ हलत होते. मला कळेना. गुणगुणणं संपलं असेल अशा अंदाजानं मी सवयीनं टेप बंद केला. तनुजा माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, आजी म्हणतायत, ही आमची साळू हाय."

साळूबाई, हनुमानची मोठी बहीण. ती होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं. बन्सी तेव्हा लहान होता, त्यानं आठवेल तसं सांगितलं. साळू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कंपनीतून सुट्टीवर आलेल्या हनुमाननं कुणाची तरी कॅसेट आणि शेजारचा टेप मागून आणला. दोन टेप समोरासमोर ठेवले, एकात गाणं लावलं, दुसऱ्यात भरायला लावलं, आणि घरात सगळ्यांना दम दिला, कुणी आवाज करायचा नाही. दुकानबिकान काही नाही. आम्ही ज्याला करामत म्हणायचो तो या ओसरीचा आवाज होता. साळू त्याच बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं.

"फोटू सुदिक न्हाय पोरीचा येक," मावशी म्हणाली. हे मला ऐकू आलं. "ह्यानं मला कवा सांगितलं न्हाय रं. येवढी वर्सं."

मलाही नाही सांगितलं, मावशी. एका बाकावर डबा खाल्ला आम्ही जन्मभर. आणि मी त्याच्यासमोर त्या आवाजाला दाद देत बसायचो, वा वा म्हणायचो, काटा मोजायचो. त्याच्या हातावर तो कसला काटा होता रे देवा. राग आला त्याचा. मग तिथंच ओसरीवर रडू आलं. तनुजानं पाहिलं, पाहू दे.

"परत लाव," मावशी म्हणाली. लावलं. जागा झाली की बंद केलं. "परत." चहा गार झाला.

निघताना टेप आणि कॅसेट तिथंच ठेवली. बन्सीला बटणं दाखवली.

१ डिसेंबर

दुपारी बन्सीचा फोन. आईनं सकाळपासून चालवलंय म्हणाला, आणि तिला बंद करायचं बटण जमत नाही, त्यामुळं टेप पुढं चालत राहिला. "दादा, फुडचं तुमी ऐकलंय का?" म्हटलं, नाही, कधीच नाही. त्यानं फोन टेपजवळ धरला.

खरखर. ऑर्गन. मग एकदम जवळून हनुमानचा आवाज, जाड, पोरगेला, मिसरूड न फुटलेला. स्पष्ट ऐकू आला —

"साळे, गप की. भरायला लावलंय." जरा थांबून, "बरं. म्हण."

पुढं ती गायली असणार. शीलाला हात दाखवला. तिनं माझी बाही हळूच खाली केली.