कवडीला पहिला नंबर

सौसर,
भाद्रपद शुद्ध दशमी, १९८६

चिरंजीव वसंतास,

पांढुर्ण्यात तुला आणि सौ. प्रेमलतेला तुझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे रघुनाथाचे, पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? प्रेमलतेचा दमा यंदाच्या ओलीत फार वर नाही ना आला? गोटमारीच्या दिवशी बाहेर दगड उडत असताना दोघं दार लावून घरात बसला होता असं कळलं, ते शहाणपणाचं केलंत. इकडे सगळे खुशाल. विजय वीज मंडळाच्या कामावर दोन महिन्यांसाठी बालाघाटला गेला आहे, त्याची वंदना तिसरीत गेली आहे, आणि माझ्या वहाणांचा डावा पाय सोडला तर घरातलं बहुतेक सगळं धड आहे.

अक्षर पाहून दचकू नकोस. माझ्या डोळ्यांवर सध्या चष्मा नाही, त्यामुळे मी सांगतो आणि सूनबाई लिहिते. शब्द न् शब्द माझा आहे. (काकाजी, मी मीना, शिरसाष्टांग नमस्कार. शब्द मामाजींचेच, पण कंसातले माझे. त्यांना दिसत नाही, म्हणून बिनधास्त लिहून राहिली.)

पत्राचं कारण असं की कापसाचा दलाल मोतीराम दर आठवड्याला पांढुर्ण्याच्या बाजाराला येतो, आणि मला कळलं की तो तिथे चहाच्या टपरीवर बसून ‘सौसरचे रघुनाथराव कुत्र्यासमोर हारले’ असं सांगत सुटला आहे. माणसाने जिभेला काही हाड ठेवावं! मी हरलो नाही. जिंकलो. कसा जिंकलो ते माझ्या तोंडून ऐक, आणि ऐकून झाल्यावर त्याच टपरीवर जाऊन मोठ्याने वाचून दाखव. (कंस वाचू नका.)

आधी एक गोष्ट पक्की कर. मला कुत्र्यांचं वावडं नाही, भेसळीचं आहे. उभा जन्म मी जिनिंगात कापूस पारखला. गाडीतून चिमूटभर कापूस उपसायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ताणायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि नंबर सांगायचा. एकदा सांगितला की सांगितला. शेतकरी रडो, शेठ ओरडो, दिलेला नंबर मी कधी मागे घेतला नाही. एकदा खुद्द सासऱ्याच्या गाडीला तिसरा नंबर दिला, तुला आठवत असेल. तुझी वहिनी पुढे जिवंत होती तोवर दर दिवाळीला तिने ते मला ऐकवलं, पण नंबर तिसराच राहिला.

तर राखीला सूनबाई आणि वंदना रामाकोन्याला गेल्या होत्या. सूनबाईचं माहेर स्टेशनला लागूनच. परत आल्या त्या दिवशी मी स्टेशनात छोट्या रेल्वेगाडीवर त्यांना घ्यायला गेलो. दोघींकडे सामान बरंच, त्यात फडक्याने झाकलेली एक टोपली. काय आहे विचारलं तर वंदना म्हणाली, कोहळं आहे. आता रामाकोन्याचं कोहळं म्हणजे चांगलंच असणार. मी ती टोपली कोणालाही न देता स्वतः घरापर्यंत आणली. वाटेत कोहळं जरा गरम लागलं, पण उन्हातून आलंय, असं मी धरून चाललो. उंबरठा ओलांडला आणि कोहळं शिंकलं.

(काकाजी, त्याची माय रेल्वेखाली गेली होती. संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांच्या ढिगामागे ते ओरडून ओरडून थकलं होतं. वंदना म्हणे, ह्याला घेतल्याशिवाय मी गाडीत चढत नाही. गाडीनं शिटी दिली, मग मी तरी काय करू?)

फडकं काढलं तर आत मूठभर पिल्लू. एक कान उभा, एक पडलेला. शेपूट धड वाकडी नाही, धड सरळ नाही. मी चौकशी केली. आई गावठी, आणि बाप म्हणे रेस्ट हाऊसवर उतरलेल्या कुठल्याशा साहेबाचा अल्सेशियन. साहेब कोण, कधी उतरला, कोणी पाहिला, ह्याला उत्तर नाही. मग मी सवयीने त्याच्या पाठीचे चार केस चिमटीत धरले. धागा आखूड, रंग डागी. वसंता, बोंडात किडलेला, पिवळा पडलेला कापूस आपण वेगळा काढून कोपऱ्यात टाकतो, त्याला कवडी म्हणतात हे तुला ठाऊक आहेच. मी म्हणालो, “ही कवडी आहे कवडी. घरात नको.” वंदनाने तेवढंच उचललं आणि त्या घडीपासून पिल्लाला कवडी म्हणून हाका मारायला लागली. शिवीचं बारसं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी काही राक्षस नाही. पोळा होईपर्यंत राहू दे म्हटलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपलं वावर बघणारा भिवाजी बैलगाडी घेऊन गावात येतोच, त्याच्याबरोबर कवडी वावरात जाईल, असा माझा निकाल लागला. वंदना रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती माझ्याशी बोलेनाशी झाली. चहाचा कप आणून समोर ठेवायची आणि जायची. संध्याकाळी मी पाढे घ्यायला बसलो की ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, आणि एकही चुकायची नाही. (रोज रात्री कुशीत विचारायची, आई, वावरात कोल्हे येतात का? मामाजींनीही मला तेच दोनदा विचारलं.)

इकडे कवडीने माझा निकाल किती बरोबर होता ते एकेक करून सिद्ध करायला घेतलं. आधी वहाण. मग मी वाचायच्या आधीचं वर्तमानपत्र. मग माझा नागपूरचा चष्मा. त्याची एक काच फुटली, दुसरी मिळालीच नाही, आणि दांडीवर दातांची अशी नक्षी उठली की सोनाराला जमायची नाही. जुना चष्मा कुठे ठेवलाय ते सापडेना. (सगळ्या ट्रंका मीच उपसल्या.) आणि पोळ्याच्या दिवशी, घरातले सगळे बैलांना ओवाळायला दारात उभे असताना, तिने वंदनाचा लाकडी नंदी गाठला. विजयच्या लहानपणापासूनचा सागवानी नंदी तो. दोन्ही शिंगं गेली आणि पुढचा एक पाय. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा! गावातली सगळी पोरं आपापले नंदी सजवून मारुतीच्या पारासमोर आणणार, आणि माझ्या घरचाच नंदी लंगडा.

तान्ह्या पोळ्याचा परीक्षक दरवर्षी मी असतो, हे तुला सांगायला नको. चष्मा नाही म्हणून ह्या वर्षी दुसरा कोणी बघा, असं कोणाच्या डोक्यात यायच्या आत मी खुर्चीवर जाऊन बसलो होतो. डोळ्यांचं काय एवढं? कापूस काय मी डोळ्यांनी पारखला? उठलो आणि रांगेने नंदीवर हात फिरवत निघालो. ह्याची झूल चांगली, त्याची चाकं कुरकुरतात, ह्याच्या शिंगांना बेगड लावलं ते खळीने नाही तर भाताने चिकटवलं, सगळं बोटांना कळत होतं. लोक थक्क झाले. (दोन नंदी सोडून मामाजींनी पानवाल्याच्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रंग छान बसलाय म्हणाले.)

रांगेच्या टोकाला वंदनाचा आवाज आला. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. “आबाजी, हा माहा नंदी.”

हात लावला. चाकाची पाटी, पाटीवर मखमली झूल, पुठ्ठ्याची शिंगं, गळ्यात घुंगरांची माळ. आणि झुलीखाली अशी मऊ, उबदार, भरीव कारागिरी की माझा हात तिथेच थांबला. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि जिनिंगात ओरडायचो त्याच आवाजात ओरडलो, “असल माल! पहिला नंबर!” (काकाजी, पोटभर पुरणपोळी आणि दूध खाऊन कवडी पाटीवर घोरून राहिली होती. सगळा चौक तोंडाला पदर लावून उभा. मामाजींना बिचाऱ्यांना काहीच कळलं नाही.)

त्यावर नंदी शिंकला, उठून बसला आणि त्याने माझं कुंकवाचं बोट चाटलं.

मग जो हशा पिकला तो तुला पांढुर्ण्यात ऐकू आला असेल. भिवाजी गाडी घेऊन आलेलाच होता. तो पुढे होऊन म्हणाला, “मालक, मंग नेऊ का न्हाई हिला वावरात?” आणि मोतीराम, हाच तो टपरीवरचा मोतीराम, मागून ओरडला, “काय रघुनाथराव, नंबर मागे घेऊन राहिले का?”

वसंता, वंदनाने पाटीची दोरी दोन्ही हातांनी धरली होती, तेवढं मला धूसर दिसत होतं. मी छाती काढून म्हणालो, “दिलेला नंबर मागे घेणारा रघुनाथ सौसरात राहत नाही. पहिल्या नंबरचा माल घरी जातो, वावरात नाही.” भिवाजीची गाडी रिकामी परत पाठवली. बक्षिसाचा पितळी गडू वंदनाला माझ्या हाताने दिला. आता तूच सांग, ह्यात हरलं कोण? आणलं मी, नाव ठेवलं मी, नंबर दिला मी, ठेवून घेतलं मी. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझंच चाललं.

शिवाय कडक अटी घातल्या. कुत्रं घराच्या आत येणार नाही, ओसरीवर राहील. मग पाऊस तिरका यायला लागला, तेव्हा ओसरी संपते तिथून माजघर सुरू होतं ही हद्द मी स्वतः थोडी पुढे सरकवली. मग माजघरात ओल आली. सध्या ती माझ्या खाटेखाली असते, पण खाटेच्या वर येणार नाही हे मी निक्षून सांगितलं आहे. (दुपारी येते. मामाजी सरकून जागा देतात.)

आणि काय जनावर आहे म्हणून सांगू! आता अंगणात भुंकताना ऐकावं, तर तेवढ्यात माझ्या पायाशी झोपलेली. दूध प्यायली की वाटी पुसायच्या आत पुन्हा वाटीपाशी हजर. गणपतीपुढचे लाडू दोन्ही ताटांतून एकाच वेळी गेले. सकाळी हात लावावा तर उजवा कान उभा, संध्याकाळी डावा. एक दिवस केस मऊ, एक दिवस राठ. मिश्र मालाची खरी मजा मला ह्या वयात कळली, एकाच गाठीत दोन धागे! अस्सल जातीचं कुत्रं घेतलं असतं तर एवढं सगळं मिळालं असतं का? (हे लिहिताना मी दोनदा मागच्या दाराकडे वळून पाहिलं, काकाजी. कारण खाली लिहिते.)

वंदना आता एवढी बोलते की पाढे घ्यायला वेळ पुरत नाही. घर भरल्यासारखं वाटतं. तुझी वहिनी गेल्यापासून मला दुपारी झोप लागत नव्हती, ती लागायला लागली आहे. प्रेमलतेला सांग, अनंतचतुर्दशीला तुम्ही दोघं नक्की या, आणि कवडीला पाहून काय ते मान्य करा.

तुझा दादा,
रघुनाथ

ता. क. येताना माझ्यासाठी एक चष्मा करून आण. तुझ्या ओळखीच्या दुकानदाराकडे माझा नंबर आहे. दांडी चावायला कठीण अशी बघ. त्याचसाठी तर हे पत्र.

ता. क. (मीनाचा) काकाजी, पाया पडते, चष्म्याची घाई करू नका. पोळ्याला भिवाजी रामाकोन्याला पाहुण्यांकडे गेला होता, तिथं त्याच पेट्यांमागे कवडीचा भाऊ सापडला. बहिणीला वावरात सोबत होईल म्हणून गाडीत घालून आणला, आणि बहीण घरीच राहिली म्हणताना त्यालाही मागच्या दारानं आमच्याकडे सोडून गेला. वंदनानं त्याचं नाव बोंड्या ठेवलं. मामाजींनी शब्द एकाचाच दिला आहे. त्यांना अजून पत्ता नाही की घरात दोन आहेत, आणि चष्मा आला की एकाला जावं लागेल. दिवाळीपर्यंत तरी निभावून न्या. घरातला डिंक संपला, म्हणून पाकीट उघडंच मामाजींच्या हाती देऊन राहिली. ते पोस्टातला डिंक लावून टाकतील. त्यांना काय दिसते!

ता. क. (माझ्या स्वतःच्या हाताने, पोस्टाच्या बाकावर) वसंता, जुना चष्मा चतुर्थीला सापडला. आरतीसाठी काळा कोट काढला, त्याच्या आतल्या खिशात होता. लावला, दारात पाहिलं, काढून पुन्हा खिशात ठेवला. चष्मा लावून घरात फिरलो तर दुसरं पिल्लू दिसेल, दिसलं तर घरच्या वडीलधाऱ्याला काहीतरी बोलावं लागेल. न बोलता चाललंय ते सोन्यासारखं आहे.

आत्ता तोच चष्मा लावून सूनबाईचे कंस वाचले. पोरीचा हात चांगला आहे. फक्त पोळ्याचा ‘काहीच कळलं नाही’ हा कंस चुकला. लाकडाच्या नंदीचं नाक ओलं नसतं, वसंता, आणि झुलीखाली काळीज उडत नसतं. हात ठेवला तेव्हाच कळलं. पण पाटीवर वंदनाचा हात होता, तो त्या पिल्लापेक्षा जास्त थरथरत होता. म्हणून सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने नंबर दिला, मलाच मागे घेता येऊ नये म्हणून.

चष्मा नको. गळ्याचे पट्टे आण, दोन. बोंड्याचा एक बोट मोठा घे. देताना एकच माझ्या हातात दे, आणि दुसरा सूनबाईला माझ्या नकळत दे.