न दुखणारी गाठ

धम्मा,

भाजी झाकून ठेवली हाय, गरम करून घेजो. मी अकोल्याले डॉक्टरबाईकडं नंबर लावाले चालली. नंबर तुया नावाचा हाय.

दाढेमुळं मानेत गाठ आली, असं तू म्हणतं. मले पटलं नाई, म्हणून काल डॉक्टरबाईले फोन केला. त्या म्हणाल्या, "मानेतल्या गाठीत पांढऱ्या पेशी जंतूंना अडवतात. जंतूंशी झुंज चालू असली की गाठ सुजते, दुखते, अन् आजार सरला की बसते." तुयी दाढ तर दिवाळीतच काढली. मंग गाठ कावून वाढून राहिली? दुखत नाई म्हटल्यावर त्या लगेच म्हणाल्या, "उद्याच आणा."

एवढ्या उन्हात तू कॉलरचं वरचं बटन लावून फिरतं. आईनं मानेले हात लावला की बाजूले सरकतं. तुले भेव वाटून राहिलं, अन् तू ते आमच्यापासून लपवून राहिला.

डॉक्टरचं नाव वाचून चिखलदऱ्याले पळशील म्हणून गाडीची चाबी मी नेली. दुपारच्या एसटीनं ये, मी स्टँडवर उभी राहीन. आईले अजून काही सांगितलं नाई. तू नाई आला, तर सांगीन.

ताई