मुराळी चिखलात आहे

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

मुक्काम: कालवा (कुठला, ते मलाही अजून नक्की नाही)

श्री. भाऊसो, नांदाळ खुर्द किंवा नांदाळ बुद्रुक (यांपैकी जे तुमचं असेल ते) यांस,

दाजींचा नमस्कार. (तुम्ही वयानं धाकटे, तेव्हा रीतीप्रमाणं आशीर्वाद लिहायला हवा होता. पण सध्या आमच्या घरच्या मंडळी तुमच्या घरी आहेत, त्यामुळं नमस्कारच बरा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींच्या चष्म्याचं काम झालं का? नवी रेडी दूध नीट पिते का? तुमच्या घरात आणखी कुणाची तब्येत कशी आहे, वेळेवर जेवतात का, माझं नाव कधी निघतं का, आणि निघालं तर त्याच्या मागंपुढं कुठले शब्द असतात, हे मी विचारत नाही. आपणहून कळवलंत तर वाचेन. मी खुशाल आहे. म्हणजे बोटीत आहे. बोट कालव्यात आहे. कालव्यात पाणी नाही.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोन काल दुपारी पाण्यात पडला. बुडाला की वाहत पुढं गेला, ते कळलं नाही. गेला असेल तर आत्तापर्यंत कुणाच्या तरी उसाच्या सरीत पोचला असेल. (तुमच्या उसात सापडला तर ठेवून द्या, त्यात नातवाच्या बारशाचे फोटो आहेत.) म्हणून हे पत्र. कागद कारखान्याच्या टाईम ऑफिसातले आहेत, मागची बाजू वाचू नका. ती बारा वर्षांपूर्वीची हजेरी आहे.

भांडण तुम्हाला एका बाजूनं कळलंच असेल, आणि ती बाजू किती रंगवून सांगता येते ते मला लग्नापासून ठाऊक आहे. माझी बाजू अशी. गेल्या साली बावड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि आम्ही भैरेवाडीच्या मळ्यात राहायला आलो. पस्तीस वर्षं भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. इथं भोंगाच नाही, तर दिवस कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो तेच कळेना. मळ्यामागं कालवा आहे, त्याच्या बांधावर जाऊन बसायचो. अशात कळलं की एका तळ्यावरच्या जुन्या बोटी लिलावात निघाल्यात. गेलो आणि एक घेऊन आलो. तिच्यावर अजून लाल अक्षरांत लिहिलेलं आहे: ‘बोट क्र. ७. चारपेक्षा जास्त माणसे बसू नयेत. वेळ अर्धा तास.’ (अर्ध्या तासाची अट मी मनावर घेतलेली नाही.)

बोटवाल्याचा दिवस कसा जातो याची तुम्हाला कल्पना नसेल. सकाळी उठून बाळासो पाटकऱ्याला गाठायचं. कालव्याला पाणी सोडणं आणि बंद करणं त्याच्या हातात, त्यामुळं माझं पंचांग म्हणजे बाळासो. पाणी असलं की वल्ही उचलायची आणि निघायचं. धुणं धुणाऱ्या बायका साबण आवरतात, म्हशी आवरत नाहीत. मोटारींचे पाइप दिसले की डोकं खाली घालायचं. प्रत्येक पुलावर कुणीतरी ओरडतं, “पावणं, कुठं निघालासा?” आणि खरं सांगायचं तर याचं उत्तर मला एकदाही देता आलेलं नाही. कालवा एकाच दिशेला वाहतो, ही गोष्ट बोट घेताना ध्यानात आली नव्हती. तेव्हा जाताना मी बोटीतून जातो आणि येताना बोट कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. ती घसरू नये म्हणून मी आत बसून असतो. रस्त्यावरची माणसं नमस्कार करतात, मीही करतो. आमच्या मंडळी, म्हणजे तुमच्या मीनाबाई, एवढंच म्हणाल्या होत्या, “आपल्या म्हशीला परत यायची वाट कळती, तुमच्या बोटीला न्हाय.”

पूजा झाल्याशिवाय आपण बोटीत पाय ठेवणार नाही, असं त्यांनीच ठरवलं होतं. त्याप्रमाणं पूजेचा दिवस काढला. सगळी वस्ती बांधावर जमली. मीनाबाई इरकली नेसून, हातात आरतीचं ताट घेऊन उभ्या. नारळ फुटला. आता आधी कुणी बसायचं? बोट हलू नये म्हणून मी बसलो. मग मला वाटलं, दोघं बसल्यावर दोरी सोडायला पुन्हा एकाला उतरावं लागेल, तर ती आधीच सोडून ठेवावी. (यात चूक काय झाली ते मी कागदावर आकृती काढून तपासलं आहे, विचार अजूनही बरोबरच वाटतो.) मंडळींनी एक पाय उचलला आणि बोट निघाली. मी हातानं खूण करत होतो की बांधाबांधानं पळत या. वस्तीला वाटलं, मी टाटा करतोय. पोरांनी उलट टाटा केला. दोन तासांनी एका वळणावर बोट अडली, तिथून चालत फाट्यावर आलो, एस.टी. धरली आणि घरी आलो. आल्या आल्या मी चहा मागितला. ही मात्र चूक झाली, ती कबूल. दुसऱ्या दिवशी मीनाबाई पिशवी भरून तुमच्याकडं निघाल्या, आणि उंबऱ्यातून सांगून गेल्या, “आता मुराळी आल्याबिगर मी यायची न्हाय.”

मुराळी म्हणजे काय हे तुम्हाला काय सांगायचं. लग्न झालेल्या बाईला न्यायला-आणायला घरचं माणूस आलं पाहिजे, मानानं आलं पाहिजे, हातात काहीतरी घेऊन आलं पाहिजे. सतरा वर्षांचे असताना तुम्हीच बैलगाडी घेऊन मुराळी म्हणून आला होता आणि आमच्या अंगणात गाडीतच झोपून गेला होता. पण आमच्याकडून मुराळी पाठवायचा कोण? मुलाला, संग्रामला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, “आबा, मी इथून गाडी बुक करतो, दारात येईल.” मी बराच वेळ विचार करत होतो की गाडीवाल्याला मुराळी म्हणता येईल का, आणि आला तर त्याला फेटा कुणी बांधायचा. शेवटी ठरवलं, आपणच जावं. नवऱ्यानं स्वतःच मुराळी व्हावं का, हे बाळासोला विचारलं तर तो म्हणाला, “मंग भांडायचं कुणाशी आन समजूत काढायची कुणाची, दोन्ही तुमीच व्हय?” मी बोटीत बसलो.

कारण, भाऊसो, कालवा नांदाळवरूनच जातो. ज्या बोटीपायी मंडळी गेल्या, त्याच बोटीतून त्यांना मानानं आणावं, असा बेत. बाळासो म्हणाला, “सांजपातूर पाणी हाय, मंग बंद. दुपारच्या आत पोचा.” सोबत नवी साडी घेतली, लाडू घेतले, टोपी घातली. आता वल्हवणाऱ्याला तोंड मागं करून बसावं लागतं. आपण कुठून आलो ते त्याला स्वच्छ दिसतं, कुठं चाललोय ते मुळीच दिसत नाही. अशानं पहिल्या पुलाला टोपी गेली. दुसऱ्या पुलावर लोकांनी चहा आणला. मुराळी निघालाय म्हटल्यावर चहा नाकारता येत नाही. तिसऱ्या पुलावरही आणला. पाच पुलांचे पाच चहा झाले आणि सूर्य माथ्यावरून कलला तेव्हा कालव्याला दोन फाटे फुटलेले दिसले (मला नाही, बांधावरच्या एका माणसाला). मी ओरडून विचारलं, नांदाळ कुठल्या अंगाला? तो म्हणाला, “कंचं? खुर्द का बुद्रुक?”

भाऊसो, चौतीस वर्षं मी तुमच्या घरी जेवतोय. कंडक्टरला ‘नांदाळ’ म्हटलं की तो तिकीट देतो आणि तुमच्या दारात उतरवतो. तुमचं गाव खुर्द की बुद्रुक, हे मला ठाऊकच नाही, हे मला कालव्याच्या मध्यावर कळलं. बुद्रुक म्हणजे मोठं. मेहुण्यांच्या गावाला लहान म्हणणं बरं दिसणार नाही, म्हणून मी म्हणालो, बुद्रुक. तो म्हणाला, “मंग डाव्या अंगानं घ्या.” मी डावीकडं घेतली. पुढं एक फर्लांग गेल्यावर डोक्यात आलं की मी उलटा बसलोय; माझी डावी ती कालव्याची उजवी. फोन काढून संग्रामला विचारावं म्हटलं, तेव्हाच तो पडला.

मग दोन्ही बाजूंना ऊस आणि वर आभाळ, बाकी काही नाही. एका बाईला विचारलं, ती म्हणाली नांदाळ मागं राहिलं. एका बाप्याला विचारलं, तो म्हणाला पुढं आहे. दोघं खरं बोलत असावेत, पण ते कुठल्या नांदाळबद्दल हे विचारेपर्यंत प्रवाहानं मला पुढं नेलं. बोट थांबवायला दोरी शोधली तर ती भैरेवाडीच्या खुंटीलाच राहिलेली. हाताशी साडी होती. ती एका पाइपाला बांधली, चांगली पक्की. आणि बोट थांबली, तसं पाणीही थांबलं. सांज झाली होती. बाळासोनं शब्द पाळला. बघता बघता कालवा रिकामा झाला आणि बोट क्रमांक सात चिखलात बसली, किंचित डावीकडं कलून. (की उजवीकडं. आता मी याबाबत बोलत नाही.)

सकाळी शेळ्या घेऊन तानाबाई नावाच्या एक आजी आल्या. लाडू शेळीनं खाल्ले. आजींनी भाकरी आणि खर्डा दिला, बांधावर बसल्या आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. मी अगदी आकृती काढून सांगितली. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “ते समदं ऱ्हाऊ द्या. बोट घेतलीसा कुणासाठनं, ते सांगा की.” मी म्हटलं, तसं काही नाही, निवृत्तीनंतर वेळ जावा म्हणून. “खोटं,” आजी म्हणाल्या, आणि शेळीकडं बघत बसल्या.

तेव्हा तुम्हाला सांगतो, कारण तुम्हाला सांगायला सोपं आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही अंबाबाईला गेलो, तिथून रंकाळ्यावर. मीनाबाई म्हणाल्या, एकदा बोटीत बसू या. रांग होती, माझी दुसरी पाळी होती, भोंगा चुकला असता. मी म्हटलं, पुढच्या खेपेला. त्या परत कधी म्हणाल्या नाहीत. मी विसरलो होतो असंही नाही. दरवेळी रंकाळ्यावरून जाताना आठवायचं, पण दरवेळी भोंगा असायचा. भोंगा सुटला, त्यानंतर पहिलं काम मी हे केलं. आणि त्यांना सांगितलं काय, तर “बघा, मी बोट आणली.” मी! एवढ्या वर्षांनी आणलेल्या बोटीत ज्यांना बसवायचं, त्यांना सोडून दोरी सोडली. भाऊसो, घर फार मोठं झालंय. मळ्यात कुणी ओरडत नाही. मला त्या परत हव्या आहेत, आणि त्यांना काय म्हणावं ते मला कळत नाही, म्हणून मी तुमच्या गुडघ्याची चौकशी करतोय.

तरी हे सगळं तुमच्यापाशीच ठेवा. मंडळींना एवढंच सांगा की मुराळी निघालेला आहे, वाटेत आहे. पत्र तानाबाई कुणाच्या तरी हाती देणार आहेत. वहिनींना नमस्कार, रेडीला कुरवाळणे.

तुमचा दाजी,
गणपतराव

ता.क. तानाबाईंना पत्त्यावरचं नाव वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “भाऊसो व्हय? ह्यो ऊस त्यास्नीचाच हाय. त्ये काय निळी टाकी.” मी बोटीत उभा राहिलो, तर खरोखरच तुमच्या घरावरची निळी टाकी दिसतेय. म्हणजे तुमचं गाव खुर्द. म्हणजे मी गाव चुकीचं सांगितलं आणि वळलोही चुकीचं, आणि दोन्ही मिळून बरोबर तुमच्या घरामागं येऊन बसलो. ज्या पाइपाला साडी बांधली आहे तो तुमच्याच मोटारीचा दिसतो. कृपा करून मोटार सुरू करू नका. ट्रॅक्टर आणि एक खरी दोरी लगेच पाठवा.

ता.क. दुसरा. बांधावर कुणीतरी पिशवी घेऊन उभं आहे. ऊन डोळ्यांवर येतंय, ओळखू येत नाही. इरकली आहे.

ता.क. तिसरा. मंडळी डेअरीवर दूध घालायला गेल्या, तिथं बायकांनी सांगितलं म्हणे, कॅनॉलात एक खुळा बोटीत बसून कागद लिहितोय. यावर त्या म्हणाल्या, “आमचंच असणार.” इथं आल्या, पत्र हातातून घेतलं, सगळं वाचलं, रंकाळ्यापाशी दोनदा वाचलं. साडी बघून काय बोलल्या, ते लिहीत नाही. मग विचारलं, “पाणी कवा सुटणार हाय?” मी म्हटलं, बाळासोला ठाऊक, आठ-दहा दिवस तरी नाही. “मंग बसते,” म्हणाल्या. चपला काढल्या, चिखलातून आल्या आणि समोर बसल्या. साडीचं पाइपाकडचं टोक सोडवून स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतलंय. आता त्यांचं तोंड पुढं आणि माझं मागं.

पत्र लिहून झालंच आहे, म्हणून पाठवतोय. ट्रॅक्टरची घाई नको.