कोणाला कळवायचं

आईस, धाकटीचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. खोली उबदार आहे आणि जेवण वेळेवर होतं. (मान हलवू नकोस, खरंच होतं.)

सुट्टीच्या दिवशी बोलायला कोणी नसतं, म्हणून जुन्या नोंदींच्या कचेरीत जाऊन बसते. पणजोबांचा धाकटा भाऊ इथल्याच गोदीत कामाला होता ना? ‘बायको केली, तिकडचाच झाला, आईला विसरला,’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी निघाले तेव्हा बाबांनी मलाही तेच ऐकवलं होतं.

परवा गोदीच्या वहीत तो सापडला. काही बरंवाईट झालं तर कोणाला कळवायचं, असा एक रकाना होता. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, “हे बघा, बायकोचं नाव. किती छोटंसं!” मला वाटलं, म्हणजे बाबांचंच खरं.

परक्या लिपीतली तीन अक्षरं होती. बोट ठेवून वाचली. अगं, तिथे ‘आई’ लिहिलं होतं. घरी कोण, असं विचारल्यावर त्याने सांगितलं असणार, आणि लिहिणाऱ्याने ते नाव समजून पुढे ‘बायको’ टाकलं. पत्त्याचा रकाना कोराच होता.

मी पुन्हा मोठ्याने वाचलं. किती महिन्यांनी तो शब्द तोंडातून निघाला! बाई कौतुकाने म्हणाल्या, “तुमचा उच्चार छान आहे.”

बाबांना हे वाचून दाखव. तुझा गुडघा कसा आहे? खरं कळव.

अजून तिकडचीच, म्हणजे घरचीच,
धाकटी